बोटांनी पाठ ठोकली आणि म्हणाले 'पाणी झालंय'. कळलं कसं? आणि कळलं तर पुढच्या तपासण्या कशाला?

फौंड्रीवाल्याचा_पोरगा

नमस्कार मंडळी. लांबडं लिहितोय, दमानं वाचा.

आमचे आबा, वय 59. शिरोली एमआयडीसीत 27 वर्षं फौंड्रीत काढली, त्यातली 19 फेटलिंगला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कास्टिंग (ओतलेला लोखंडी भाग) साच्यातून बाहेर काढलं की त्याला चिकटलेली वाळू आणि कडेचं ज्यादा लोखंड ग्राइंडर लावून काढायचं, ते फेटलिंग. घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या आणि नाकाखाली काळं. आई दारातच बादली भरून ठेवायची. दोन वर्षांपूर्वी काम सोडलं. आता तालमीच्या कट्ट्यावर बसून कुणी कुठला डाव चुकवला ते सांगत असतात.

गणपती झाल्यावर खोकला सुरू झाला. कोरडा. मग संध्याकाळी अंग कोमट लागायला लागलं. आबा म्हणायचे, दमलोय. आम्ही म्हणायचो, कट्ट्यावर बसून काय दमताय? दिवाळीत उजव्या कुशीत चमक भरायला लागली. शिंक आली तर उशी छातीला धरून बसायचे. पंधरा दिवसांत ती चमक आपोआप गेली. आम्ही खूश, आईनं जोतिबाला नारळ फोडला. पण पुढच्याच आठवड्यात जिन्यात सातव्या पायरीला थांबून दम घ्यायला लागले. पट्ट्याला चप्पलवाल्याकडून दोन नवी भोकं पाडून आणली होती, ते तर मला नंतर कळलं.

आधी एका ठिकाणी नेलं. नाव लिहीत नाही, भांडण वाढवायचं नाही. तीन मिनिटं. "काय होतंय?" "खोकला." औषधाची बाटली आणि पाच दिवसांच्या गोळ्या. परत गेलो तर दुसऱ्या गोळ्या. तिसऱ्यांदा गेलो तर म्हणाले, सगळं एकदाच बघून घेऊ, आणि रक्ताचं पॅकेज लिहून दिलं. 68 तपासण्या, 11 पानं. चार ठिकाणी बाण. ड जीवनसत्त्व कमी, बी-12 कमी, यूरिक ॲसिड जरा जास्त, आणि एक कोलेस्टेरॉलमधलं काहीतरी. पावडरचा डबा दिला. खोकला होता तिथंच.

मग मावशीच्या सांगण्यावरून एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेलो. मी फाईल पुढं केली तर ती त्यांनी उचलून बाजूच्या स्टुलावर ठेवली. "ही नंतर. आधी तुम्ही सांगा." आणि मला गप बसवलं, कारण आबांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मीच देत होतो. ताप कुठल्या वेळेला येतो? रात्री घामानं बनियन भिजतं का? जेवण कमी झालंय का? घरात, शेजारी कुणाला टीबीची औषधं चालू होती का? काम काय करत होता?

"कंपनीत होतो."
"कंपनीत काय?"
"फौंड्री."
"फौंड्रीत काय?"
"फेटलिंग."

इथं डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "तोंडाला काय बांधायचा?" "टॉवेल."

मग म्हणाले, "कुशीत दुखत होतं, मग दुखायचं थांबलं, आणि मग दम लागायला लागला. असंच झालं का?" आबांनी माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं नव्हतं. चमक तर बरी झाली म्हणून आबा पण त्याबद्दल काही बोलले नव्हते.

नंतर तपासलं. दोन्ही हातांची तीच बोटं नखाला नख लावून उजेडात धरायला लावली, बघितलं, काही बोलले नाहीत. पाठीवर डावा पंजा पसरून मधल्या बोटावर उजव्या हाताच्या बोटानं टक टक. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, परत डावीकडं, असं करत खाली. एका जागी उजवीकडचा आवाज मलाच वेगळा वाटला, खरंच सांगतो. दोन मीटरवर बसलो होतो. तिथं त्यांनी तीनदा ठोकलं. मग स्टेथोस्कोप लावून "एक दोन तीन म्हणा". आणि बसले. "उजव्या बाजूला पाणी झालंय. बहुतेक टीबीचं. पण बहुतेक म्हणजे नक्की नव्हे." आणि चिठ्ठीवर एक्सरे, सोनोग्राफी, पाणी काढून तपासणी, दोन वेळचा बेडका.

आता घरात वाद पेटलाय. दाजी म्हणतात, बोटानं कळलं तर एक्सरे कशाला? कमिशनचा कट असतोय सगळ्यांचा. मला पटत नाही, पण उत्तर पण देता येईना. तर: 1) ठोकून कसं कळतं? 2) न सांगता त्यांना कुशीचं कसं कळलं? 3) दाजींना काय सांगू?

पंचगंगेचा_गाळ

भावा, बाजारात कलिंगडवाला पण ठोकूनच सांगतोय की. पण तो कधी "बहुतेक" म्हणत नाही, म्हणून तुझा डॉक्टर खरा. नाद खुळा माणूस. आबास्नी बरं वाटू दे.

जुनी_पेटी

कागल तालुक्यात 36 वर्षं दवाखाना चालवला, आता बंद केलाय. तुमच्या आबांना मी पाहिलेलं नाही, तेव्हा त्यांच्या आजाराबद्दल तुमच्या डॉक्टरांचंच ऐका. मी ठोकण्याबद्दल लिहितो, कारण हल्ली ते कुणी विचारत नाही आणि मला फार आवडतं.

आमच्या घरी चार म्हशी होत्या. संघाचा ट्रक यायचा तेव्हा त्यावरचा माणूस कॅनला वरून खाली बोटाच्या पेराने टकटक करत यायचा आणि झाकण न उघडता सांगायचा, हा गळ्यापर्यंत, हा निम्मा. वर पोकळ घुमतं आणि दूध लागलं की आवाज बसतो. मिरजेला मेडिकलला गेलो आणि पहिल्यांदा पर्कशन, म्हणजे ठोकून तपासणं, शिकवलं तेव्हा मला तो माणूस आठवला. पुढे वाचनात आलं की ज्याने ही पद्धत मांडली तो लिओपोल्ड औएनब्रुगर ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावच्या खानावळवाल्याचा मुलगा. बापाला पिंपावर थाप मारून दारू कुठवर आहे ते बघताना पोराने पाहिलं होतं, असं सांगतात. 1761 मध्ये त्याने व्हिएन्नात छोटं पुस्तक छापलं. जवळजवळ पन्नास वर्षं कुणी फारसं विचारलं नाही. 1808 मध्ये नेपोलियनचा डॉक्टर कॉर्व्हिसार याने त्याचं फ्रेंच भाषांतर केलं तेव्हा कुठे ते सगळीकडे गेलं. स्टेथोस्कोप त्याच्याही नंतरचा, 1816 चा, आणि तोही पहिला म्हणजे लाएनेकने केलेली कागदाची सुरळी.

फुप्फुस म्हणजे हवेने भरलेला स्पंज. छातीवर टिचकी मारली की बरगड्यांची भिंत आतल्या हवेसकट थरथरते, आवाज खोल आणि लांब येतो. आत पाणी असेल तर ती थरथर तिथल्या तिथे मरते. आवाज आखूड येतो, भिंतीवर ठोकल्यासारखा. आणि हे कानापेक्षा बोटाला आधी कळतं. खाली टेकवलेल्या डाव्या बोटाला एरवी एक उसळी लागते, पाण्यावर ती लागत नाही. आमचे सर म्हणायचे, दगड लागला पाहिजे. आम्ही महिनाभर होस्टेलची टेबलं, दारं आणि झोपलेले पार्टनर ठोकत होतो.

डावी-उजवी का करत होते? कारण प्रत्येकाची छाती वेगळी. पहिलवानाच्या पाठीवर सगळंच बसकं वाजतं. तुमची डावी हीच तुमच्या उजवीची मोजपट्टी.

घरी करून बघा. उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली ठोकायला सुरुवात करा आणि सरळ खाली या. पाचव्या-सहाव्या बरगडीच्या आसपास आवाज बसेल, ते यकृत. आता डावीकडे छातीच्या खालच्या कडेला ठोका, ढोलकीसारखं वाजेल, तो जठरातला वारा. मिसळ आणि चार पाव खाऊन परत ठोका. ढोलकी गेलेली असेल.

पण नुसतं बसकं वाजलं म्हणजे पाणी नव्हे. न्यूमोनियात फुप्फुस घट्ट होतं तेव्हाही बसकंच वाजतं. म्हणून "एक दोन तीन म्हणा". घट्ट फुप्फुसातून आवाज चांगला वाहतो, स्टेथोस्कोपमध्ये रोगी कानात बोलल्यासारखा ऐकू येतो. पाणी असेल तर फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये तो थर आडवा येतो आणि आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा, जवळजवळ नाहीच. ठोकल्यावर बसकं आणि बोलल्यावर मुकं, असं दोन्ही एकाच जागी मिळालं की पाण्याकडे बोट जातं.

नखांचं: तीच दोन बोटं नखाला नख लावून धरली की मुळाशी छोटी चौकट दिसते, शंकरपाळ्याएवढीच नाही पण त्या आकाराची. ती बुजली असेल तर फुप्फुसाचा कर्करोग, जुना पू, काही हृदयाचे आजार, असे विचार येतात. शॅमरॉथ नावाच्या दक्षिण आफ्रिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञाने हे स्वतःच्याच आजारपणात स्वतःच्याच बोटांवर पाहिलं आणि 1976 मध्ये लिहिलं. तुमचे डॉक्टर बघून काही बोलले नाहीत, म्हणजे चौकट दिसली असावी. न सापडलेली गोष्टसुद्धा आम्ही डोक्यात लिहून ठेवतो, तोंडाने सांगत नाही. सांगायला हवी, ती आमची वाईट सवय आहे.

आता कुशीचं. फुप्फुसावर पातळ दुहेरी आवरण असतं. त्याला सूज आली की प्रत्येक श्वासाला दोन पदर एकमेकांवर घासतात. ती चमक. मग मध्ये पाणी साचतं, पदर एकमेकांपासून सुटतात, घासणं थांबतं आणि दुखणं जातं. घरचे नारळ फोडतात. आणि पाणी चढत जातं तसं फुप्फुस दबतं आणि दम लागतो. दुखणं बंद झालं आणि दम सुरू झाला, ही गोष्ट त्या डॉक्टरांनी त्याच क्रमाने पुष्कळ वेळा ऐकलेली असणार. आबांकडून तुकडे मिळाले, राहिलेला तुकडा त्यांनी विचारून घेतला.

फाईल स्टुलावर ठेवली त्याचं तुम्हाला नवल वाटलं, मला नाही वाटलं. 1975 मध्ये इंग्लंडात एका बाह्यरुग्ण विभागात 80 नव्या रुग्णांवर मोजून बघितलं होतं. शेवटी जे निदान ठरलं ते 66 जणांच्या बाबतीत पाठवणीची चिठ्ठी वाचून आणि हकीकत ऐकूनच झालेलं होतं. अंगाला हात लावून तपासल्याने 7 जणांचं बदललं, आणि प्रयोगशाळेने आणखी 7 जणांचं. तेव्हा सीटी-सोनोग्राफी आजच्यासारखी नव्हती, हे खरं. पण हकीकतीत दम आहे तो आहे. "काम काय करता" हा प्रश्न विचारायचा असतो, हे रामाझ्झिनी नावाच्या इटालियन डॉक्टरने 1700 मध्ये सांगून ठेवलंय. तुमच्याकडे तो तीनदा विचारावा लागला. आपली माणसं "कंपनीत" म्हणतात आणि थांबतात.

राहिले दाजी. त्यांच्यासाठी माझी एक फजिती सांगतो. हंगामात एक ऊसतोडीवाला आला होता. ताप, उजवीकडे दुखणं, दम. पाठीवर उजवीकडे खाली ठोकलं, बसकं. बोलायला लावलं, मंद. मी छातीठोकपणे सांगितलं, पाणी आहे, आणि मिरजेला पाठवलं. तिथे एक्सरेत छाती आणि पोट यांच्यामधला पडदा उजवीकडे वर ढकललेला आणि सोनोग्राफीत यकृतात पुवाचा गोळा. पाण्याचा थेंब नाही. यकृत वर चढलं होतं आणि मी त्याच्यावरच ठोकत होतो. मी त्या दिवशी दवाखान्यात सुई घातली नाही, हे त्याचं आणि माझं नशीब.

म्हणून एक्सरे. म्हणून सोनोग्राफी, कारण थोडं पाणी बोटाला कळतच नाही, आणि सरळ उभा एक्सरेसुद्धा साधारण 200 मिली झाल्याशिवाय नीट दाखवत नाही. आणि पाणी आहे हे कळलं तरी ते कशाचं हे बोट सांगत नाही. हृदय थकलं, किडनी बिघडली, यकृत गेलं तरी छातीत पाणी होतं. टीबीने, कर्करोगाने, न्यूमोनियानेही होतं. काढलेल्या पाण्यात प्रथिनं आणि एलडीएच नावाचं एन्झाइम किती, रक्ताच्या मानाने किती, यावरून पहिले दोन ढीग पडतात: हृदय-किडनी-यकृताचं पाणी एकात, टीबी-कर्करोग-न्यूमोनियाचं दुसऱ्यात. ही पारख लाइट नावाच्या डॉक्टरने 1972 मध्ये मांडली, अजून तीच वापरतात. मग कुठल्या पेशी जास्त आहेत, एडीए (टीबीच्या पाण्यात वाढणारं एन्झाइम) किती, कर्करोगाच्या पेशी दिसतात का. टीबीच्या पाण्यात जंतू फार थोडे असतात, ते पाणी बरंचसं शरीराच्या चिडण्यातून आलेलं असतं. तेव्हा पाण्याची सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी तपासणी) निगेटिव्ह आली तर "टीबी नाही" म्हणून पेढे वाटू नका. बेडका त्यासाठीच मागितलाय.

कट नसतो, असं मी म्हणणार नाही. मलाही पाकिटं आली होती. पण ज्याला कट हवाय तो 20 मिनिटं बोलत बसत नाही.

जांभळी_नळी

मी लॅबमध्ये आहे, 14 वर्षं. जुनी पेटी सरांनी बाकी सगळं लिहिलंय, मी त्या 68 तपासण्यांबद्दल लिहिते, कारण ते बाण मीच छापत असते.

रिपोर्टवर शेजारी जी रेंज असते ती बऱ्याच तपासण्यांत अशी ठरवतात की निरोगी शंभर लोकांपैकी 95 जण त्यात बसावेत. म्हणजे पाच निरोगी माणसांना आम्ही मुद्दाम बाहेर ठेवलेलं असतं. वीस वेगवेगळ्या तपासण्या केल्या तर धडधाकट माणसाला निदान एक तरी बाण येण्याची शक्यता 64 टक्के. 68 केल्या तर सरासरी तीन-चार बाण ठरलेलेच. तुमच्या आबांना चार आले. म्हणजे छातीत पाणी घेऊन बसलेल्या माणसाचा रिपोर्ट आणि तालमीतल्या धडधाकट पोराचा रिपोर्ट, बाणांच्या हिशेबात सारखेच. आणि त्या 68 मध्ये छातीचा एक एक्सरे नाही, बेडका नाही. खोकला घेऊन आलेल्या माणसाला!

तपासणी कधी करायची ते पण विचारण्यावरच असतं. डेंगीचं बघा. ताप येऊन दोन दिवस झाले असतील तर एनएस-1 करायची, ती विषाणूचं प्रथिन शोधते. आठ दिवस झाले असतील तर ती निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा आयजीएम, म्हणजे शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं, बघायची. पेशंट येतो आणि म्हणतो "डेंगी करा". ताप कधी आला विचारलं की म्हणतो, तुम्हाला काय करायचंय, पैसे घ्या. विडालचं, म्हणजे टायफॉइडच्या रक्ततपासणीचं, तर बोलायलाच नको. तापाच्या दुसऱ्याच दिवशी, इतक्या लवकर, विडाल करून टायफॉइड ठरवणारे अजून आहेत. 2019 च्या पुरानंतर चिखलात काम केलेल्या कुणाचाही ताप आला की डॉक्टर आधी लेप्टोचा (घाण पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाचा) विचार करायचे. तोच ताप, तेच रक्त, पण एप्रिल महिना असता आणि पायाला चिखल लागलेला नसता तर विचार वेगळा.

आता महत्त्वाचं. बेडका. दहातल्या चार डब्यांत मला थुंकी मिळते. थुंकीत जंतू कसा सापडेल? सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, साध्या पाण्यानं चूळ भरायची. मग दोन-तीनदा खोल श्वास घेऊन पोटातून खोकायचं. घट्ट, पिवळसर आलं पाहिजे. पांढरा फेस आला तर तो टाकून परत. आणि हे खोलीत करू नका, गच्चीवर किंवा अंगणात मोकळ्या हवेत, बाकीच्यांना लांब करून. डब्याचं झाकण घट्ट लावा, डबा पोहोचवायला उशीर नको. सीबीनॅटचं मशीन दोनेक तासांत सांगतं, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का तेही सांगतं. पण डब्यात थुंकी असली तर मशीन काय करणार.

मोल्डिंग_शॉप_बी

भावा, मी गोकुळ शिरगावला फौंड्रीत सेफ्टीला आहे. सगळ्यांनी टीबीचं लिहिलं, मी धुळीचं लिहितो.

मोल्डिंगची वाळू म्हणजे सिलिका. ओली असते तोवर ठीक. कास्टिंग भाजून निघाल्यावर ती कोरडी होते, आणि फेटलिंगला ग्राइंडर लागला की तिचा जो बारीक धूर होतो तो डोळ्याला दिसत पण नाही. डोळ्याला दिसते ती धूळ नाकात अडकते. न दिसणारी खाली जाते आणि तिथंच राहते. टॉवेल तिला अडवत नाही. तिच्यानं फुप्फुसावर गाठी येतात, ती सिलिकोसिस, आणि ज्याला सिलिकोसिस आहे त्याला टीबी फार लवकर धरतो. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी पेन ठेवला.

एक्सरे आला की नुसतं पाणी बघून थांबू नका. दोन्हीकडं वरच्या भागात बारीक ठिपके आहेत का ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि 19 वर्षं फेटलिंग हे एक्सरेच्या चिठ्ठीवर लिहायला सांगा. रिपोर्ट करणाऱ्याला कसं कळणार नाहीतर? सिलिकोसिस हा कायद्यानं कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे, आणि डॉक्टरनं पण तो कळवायचा असतो. आबांचा ईएसआयचा (कामगार विम्याचा) नंबर, जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या, काय असेल ते शोधून एका पिशवीत घालून ठेव. आमच्याकडं एकाचं सगळं बरोबर होतं, पण फेटलिंगला होतो हे दाखवायला कागदच नव्हता. मस्टरवर नुसतं "हेल्पर".

फौंड्रीवाल्याचा_पोरगा

नऊ दिवसांनी येतोय, माफ करा. पळापळ होती.

एक्सरेत उजवी बाजू निम्म्यापर्यंत पांढरीफेक. मोल्डिंग शॉप भावा, तू म्हणालास तसं चिठ्ठीवर लिहून घेतलं, आणि वरच्या भागात दोन्हीकडं बारीक ठिपके निघाले. त्याचा सीटी पुढं करायचाय, आधी हे निस्तरू म्हणाले. पाणी सोनोग्राफीत खूण करून काढलं, 900 मिली. आबांनी बाटली बघून विचारलं, "गोमूत्र हाय व्हय?" रंग तसाच होता. सगळं एकदम काढत नाहीत, का ते विचारलं तर म्हणाले दबलेलं फुप्फुस एकदम फुगलं तर ते पण बरं नसतं. त्या रात्री आबा जिना न थांबता चढले.

पाण्यात लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त, एडीए 78 म्हणजे जास्तच, कर्करोगाच्या पेशी नाहीत. पाण्याची सीबीनॅट निगेटिव्ह. पेटी सरांचं वाचलं होतं म्हणून पेढे आणले नाहीत. बेडक्याचा पहिला डबा तिथल्या तिथं दिलेला, तो गेला वाया, थुंकीच होती. दुसरा ताईंनी सांगितला तसा पहाटे गच्चीवर. आबा म्हणाले शेजारचे काय म्हणतील. म्हणू देत म्हटलं. तो पॉझिटिव्ह आला, आणि रिफाम्पिसिन लागू पडतंय.

सरकारी केंद्रात नाव नोंदवलं, औषधं फुकट, सहा महिने. खायला म्हणून महिन्याला हजार रुपये खात्यात येणार. लघवी केशरी होईल हे आधी सांगितलं होतं तरी आबांनी पहिल्या दिवशी मला बाथरूममध्ये बोलावून दाखवलंच.

घरच्या सगळ्यांची तपासणी झाली. दाजी आमच्याकडंच पडून असतात म्हणून त्यांचा पण एक्सरे काढला. नॉर्मल आला. पैसे लागले नाहीत त्यामुळं त्यांना बोलायला काही राहिलं नाही. ठोकून पाणी कळतं हे मात्र ते अजून मानत नाहीत, ती म्हणे नुसती हातचलाखी.

आबांनी मानलंय. परवा गच्चीवरच्या टाकीला वरून खाली टकटक करत गेले आणि म्हणाले, "निम्मी हाय, मोटर नको लावू." मी शिडी लावून झाकण उघडलं. पाऊण होती.